मी रिकामा नव्हतो

मित्रांनो, माझा हिरवा रंग अर्ध्याहून अधिक उडाला आहे, खांद्याजवळ एक पोचा आहे आणि माझे बूच मूळचे नाही. मी एक जुना थर्मास आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी आपले मोठेपण सांगतात. मला मात्र आधी एक कबुली द्यायची आहे. ज्या बाईंनी मला तीस-बत्तीस वर्षे जिवापाड सांभाळले, त्यांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना एक गोष्ट ऐकवली. ऐकवायला नको होती. मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण वाजता तर येते. मी वाजलो. तेवढ्याने काय बिघडले, हे कळायला तुम्हाला माझ्याबरोबर थोडे मागे यावे लागेल.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीसमोरच्या कारागिराने एका बाटलीत दुसरी बाटली बसवली आणि दोघींचे गळे ज्योतीवर वितळवून एक केले. मग काचांना चांदीसारखा मुलामा चढला. इथपर्यंत सगळे छान होते. पुढे माझ्या बुडाशी असलेल्या बारीक नळीला त्यांनी यंत्र लावले, दोन काचांमधली सगळी हवा ओढून घेतली आणि नळीचे तोंड ज्योतीवर चिमटून बंद केले. माझे काहीतरी काढून नेले आणि वर दारही लावून टाकले, असे मला वाटले.

त्याच सुमारास कारखाना पाहायला शाळेतली मुले आली होती. पर्यवेक्षकाने मला हातात धरून विचारले, "या दोन काचांच्या मधे काय आहे?"

"काही नाही!" मुले ओरडली.

"बरोबर. आणि त्या काही-नाहीमुळेच चहा गरम राहतो."

मुले हसली. मला ते हसू टोचले. दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी पिंप होते, डबे होते, एक मोठी किटली होती. रिकामे तेही होते, पण त्यांच्यात निदान हवा तरी होती. माझ्यात तीही नव्हती. रिकामेपणाची लाज म्हणजे काय, हे मला तिथे कळले.

मग एक दिवस आमच्या बाई दुकानात आल्या. तेव्हा त्या तिशीच्या होत्या. नवरा जाऊन वर्ष झाले होते आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. त्यांनी फळीवरचा एकेक थर्मास उचलून कानाशी हलवायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "बाई, थर्मास आहे तो, शंख नव्हे."

"काच आत सैल असली की आवाज येतो," बाई म्हणाल्या. "हे तीन परत पाठवा. हा हिरवा द्या."

तो हिरवा म्हणजे मी. त्या दिवसापासून मी त्या कानाचा झालो.

तो कान साधा नव्हता, मित्रांनो. बाई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होत्या. छापून आलेले मोठे कागद तिथे दुमडून त्यांचे फर्मे करायचे, फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची आणि पुठ्ठ्यात बसवायचे. बाई शिलाईला होत्या. शिवून झालेल्या पुस्तकाची कड अंगठ्याखालून सर्रकन सोडायच्या, आणि एखादा फर्मा कमी असला तर तो आवाजावरून त्यांना कळायचा. पाने मोजणाऱ्यांनी मोजून दाखवावे आणि बाईंचेच बरोबर निघावे, असे कितीदा झाले.

माझ्या बाबतीतही तेच. दुपारी चहाच्या सुट्टीत फोरमन मुद्दाम विचारायचा, "बाई, किती राहिलाय?" बाई बूच न काढता मला कानाशी धरून एकदा हलवायच्या.

"अडीच कप."

"अर्धा कुणाचा?"

"तुमचा. तुम्ही सकाळी उशिरा आलात."

खळ शिजवणारी बाई, जिला सगळे खळवाली म्हणत, पैज लावून ओतून बघायची. अडीचच निघायचे. फोरमनला खरोखर अर्धाच कप मिळायचा आणि सगळ्या टेबलांवरून हशा पिकायचा. उशीर हा आमच्या बाईंचा शत्रू. "लवकर ये", "चल आटप", "अजून निघाली नाहीस?" या तीन वाक्यांवर त्यांनी अख्खे घर चालवले.

मुलगी शाळा सुटली की कारखान्यात यायची आणि आईच्या टेबलाखाली बसून सुटे फर्मे वाचायची. गोष्टीचा शेवट दुसऱ्या टेबलावरच्या फर्म्यात असायचा, म्हणून ती रांगत तिथे जायची. बाई म्हणायच्या, "माझ्या पुस्तकांना वाळवी लागलीय." तेच तिचे नाव पडले. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी ती आईची वाळवीच राहिली. एकदा तिने विचारले होते, "आई, शेवटचं पान कोरंच का ठेवतात? वाया जातं ना?" बाईंनी पुठ्ठ्याला खळ लावता लावता सांगितले, "ते पान असं चिकटवलं की अख्खं पुस्तक त्याच्यावर टांगलेलं राहतं. कोरं आहे म्हणून काय झालं? तेच तर धरून ठेवतं." वाळवीने ते ऐकले की नाही कोण जाणे. ती तेव्हा शेवट शोधत होती.

माझ्या वर्षातला सर्वांत मानाचा दिवस ईस्टरचा. आमच्या चर्चच्या मंडळीची माणसे त्या दिवशी अंधार असतानाच डोंगरावरच्या दफनभूमीत जमायची. ओल्या गवतात उभे राहून सगळे थंडीने खांदे आखडून घ्यायचे. पाळकसाहेब टॉर्चच्या उजेडात पहिल्या ईस्टरची, येशूच्या रिकाम्या कबरीची कहाणी वाचायचे, आणि पूर्वेकडच्या भिंतीवर उजेडाची रेघ उमटली की मोठ्याने म्हणायचे, "प्रभू उठला आहे!" सगळे उत्तर द्यायचे, "खरोखर उठला आहे!" पाळकसाहेबांच्या टॉर्चचे सेल नेमके त्याच दिवशी मान टाकायचे. बाई एकदा टॉर्च हातात घेऊन तळव्यावर आपटत म्हणाल्या होत्या, "आजच्या दिवशी सेलसुद्धा उठतील, थांबा." आणि उजेड पडला होता. पाळकसाहेबांसकट सगळे हसले होते.

उपासना झाली की बाई मला उघडायच्या. त्यात त्यांचा एक नियम होता. त्या वर्षी ज्याच्या घरचे माणूस गेले असेल, पहिला कप त्याचा. मग तो लहान असो की मोठा, श्रीमंत असो की झाडूवाला. बाई काही बोलायच्या नाहीत. वाफाळता कप त्याच्या दोन्ही हातांत द्यायच्या आणि तो संपेपर्यंत दुसऱ्या कोणासाठी ओतायच्या नाहीत. कारखान्यात घाईने सगळ्यांना हैराण करणाऱ्या बाई तेवढा वेळ थांबायच्या. गार हातांना माझ्या पोटातली ऊब मिळताना मी पाहायचो आणि माझ्या दोन काचांमधल्या त्या काही-नाहीची मला पहिल्यांदाच लाज वाटेनाशी झाली.

वर्षे गेली. वाळवी दूरच्या शहरात शिकायला गेली आणि तिथल्याच एका मोठ्या ग्रंथालयात लागली. बाई निवृत्त झाल्या. एकट्या माणसाला थर्मास कशाला लागतो? मी कपाटावर गेलो. वर्षातून एकदा ईस्टरला खाली यायचो, धुतला जायचो आणि पुन्हा वर जायचो. माझे बूच कुजले, तेव्हा बाईंनी दुसऱ्या बाटलीचे बूच कानशीने घासून मला बसवले. तक्रार नाही. वरून मला स्वयंपाकघर दिसायचे, आणि बाई हळूहळू कशा बारीक होत चालल्या आहेत तेही दिसायचे.

मग बाईंना रुग्णालयात ठेवावे लागले. वाळवी रजा काढून आली. कपाटावरून मला तिनेच उतरवले. सात आठवडे मी बाईंच्या खाटेजवळच्या लोखंडी कपाटावर उभा होतो. वाळवी रोज सकाळी खालच्या कँटीनमधून मला भरून आणायची. बाईंना दोन चमचे चहा जायचा, उरलेला तिला. ती आईचे केस विंचरायची, पाय चेपायची, पुस्तक वाचून दाखवायची. तिच्या सेवेत कोणी खोट काढू शकले नसते. पण शेवटच्या आठवड्यात बाईंचा श्वास बदलला. घशात अडकल्यासारखा तो घरघरायचा, मधेच थांबायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत वाळवीचाही थांबायचा.

त्या दिवशी दुपारी ती तीनदा उठली आणि तीनदा बसली. पुस्तक उघडून मिटले. मग एकदम म्हणाली, "आई, थर्मास रिकामा झालाय. भरून आणते."

मित्रांनो, मी रिकामा नव्हतो. अर्ध्याच्या वर चहा होता माझ्यात. तिला ते ठाऊक होते. सकाळपासून तिने एकच कप घेतला होता.

तिने मला उचलले, आणि मी वाजलो. आतला चहा काचेवर डुबकन आपटला. मला तो आवरता आला नाही. बाईंचे डोळे मिटलेले होते आणि अंगठा चादरीच्या कडेवरून हळूहळू सरकत होता. माझा आवाज झाला, तसा तो अंगठा थांबला. मान किंचित माझ्याकडे वळली. मग बाई म्हणाल्या, "जा. सावकाश ये."

वाळवी गेली. कॉरिडॉरच्या टोकाला हात धुवायची मोरी होती. तिथे तिने माझे बूच काढले आणि वाफाळता चहा ओतून दिला. मला तीनदा विसळले. मग ती कँटीनकडे न जाता जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत बसली. मी तिच्या मांडीवर. खाली रस्त्यात दोन हमाल एक मोठे कपाट एका लहान दारातून आत न्यायच्या खटपटीत होते. येणारा-जाणारा सल्ला देत होता. कपाट आडवे केले, उभे केले, उलटे केले. शेवटी एका म्हातारीने वरच्या खिडकीतून विचारले, "अरे, कपाट आत घालताय की घर बाहेर काढताय?" वाळवी हसली. माझ्या पत्र्यातून मला ते हसू जाणवले. सात आठवड्यांतले पहिले.

मग ती कँटीनमध्ये गेली. तिथला चहावाला मला हातात घेत म्हणाला, "ताई, हा तर आतून गरम आहे अजून. सकाळचा चहा बिघडला होता का?"

"नाही," ती म्हणाली. "चांगला होता."

काठोकाठ भरून ती मला वर घेऊन आली तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर बाहेर आल्या. "कुठे होता तुम्ही? दोनदा हाक मारली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चार-पाच मिनिटं झाली. शांतपणे गेल्या."

वाळवीने मला लोखंडी कपाटावर ठेवले आणि आईचा हात हातात घेतला. ती तशीच बसून राहिली. बाईंचा हात गार होत गेला आणि माझ्या पोटातला चहा संध्याकाळपर्यंत गरम राहिला. माझ्या याच गुणाचे लोक आयुष्यभर कौतुक करत आले होते. त्या दिवशी मला त्याचा तिटकारा आला.

दफनाला मी नव्हतो. बाईंचा चष्मा, कंगवा, अर्धवट वाचलेले पुस्तक आणि मी, असे सगळे एका कापडी पिशवीत भरून वाळवीने ती पिशवी घरच्या कपाटात तळाशी ठेवली आणि दार लावून घेतले. मग ती आपल्या नोकरीच्या शहरी निघून गेली. मी भरलेलाच होतो. तो चहा हळूहळू गार झाला, आंबला, मग त्यावर साय धरली आणि तिच्यावर बुरशी. पाच महिने मी तो पोटात ठेवला. त्या अंधारात मला एकच विचार छळायचा. बाईंनी जगात शेवटचे काय ऐकले? मुलीचे खोटे. आणि ते खोटे आहे हे त्यांना कोणी सांगितले? मी. आपली पोर आपल्यापासून पळ काढते आहे, हे जाणाऱ्या आईला ऐकवण्याची चहाडी माझ्या नशिबी आली होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कपाटाचे दार उघडले. वाळवी घर आवरायला आली होती आणि तिची मावशी, म्हणजे बाईंची धाकटी बहीण, मदतीला. मावशीचा आवाज मला आधी ऐकू आला. ती स्वयंपाकघरात केकसाठी अंडी फोडत होती.

"वाळवे, थर्मास कुठाय? उद्या पहाटे न्यायचाय."

"फुटला," वाळवी म्हणाली.

"फुटला तर पत्रा कुठाय? पत्रा फुटत नाही."

"टाकला असेल."

"तू टाकलास? तू? जुनी बसची तिकिटंसुद्धा पुस्तकांत जपून ठेवतेस ती?" मावशी हात पुसत आली, कपाटापाशी बसली आणि तळाची पिशवी ओढून तिने मला बाहेर काढले. बूच निघाले तशी तिने मान मागे घेतली. "अरे देवा! हा कधीचा?"

वाळवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मावशीने मला मोरीत रिकामा केला. मग अंड्यांची टरफले मुठीत चुरडून माझ्यात टाकली, वर व्हिनेगर आणि कोमट पाणी ओतले, बूच लावले आणि मला जोरजोरात हलवू लागली. जुने डाग काढायचा हा बाईंचाच उपाय. टरफले आत खळखळत होती. त्या आवाजात वाळवी म्हणाली, "मावशी, तो रिकामा नव्हता."

"कोण?"

"थर्मास. त्या दिवशी. अर्ध्याच्या वर चहा होता. मी ओतून दिला. मला बाहेर जायला कारण हवं होतं."

मावशीचा हात चालूच राहिला, पण हळू झाला.

"तो श्वास ऐकवत नव्हता मला. पाच मिनिटं जाते म्हटलं. आणि मी खिडकीत बसून हसले, मावशी. ती जात होती आणि मी हमालांना हसत होते."

टरफलांचा आवाज थांबला. मावशी मला तसाच हातात धरून स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझा गुडघा दुखत नव्हता."

"काय?"

"शेवटचे तीन रविवार आले नाही ना? गुडघा धरलाय म्हणून निरोप पाठवला. गुडघा ठणठणीत होता. घरी बसून शब्दकोडी सोडवत होते. बघवत नव्हतं तिला तसं. तू निदान जिन्यापर्यंत होतीस गं."

ओट्यावर केकचे मिश्रण तसेच पडले होते.

"ती काय म्हणाली तू निघालीस तेव्हा?" मावशीने विचारले.

"सावकाश ये म्हणाली."

मावशीने मान वर केली. "कोण? तुझी आई? सावकाश ये?"

"हो."

"साठ वर्षांत मला कधी म्हणाली नाही ती तसं. मी दारात पाऊल टाकायच्या आत 'उशीर केलास' म्हणायची." मग तिने मला कानाशी धरून एकदा हलवले. आत पाणी डुबकन वाजले. ती तशीच माझ्याकडे बघत राहिली. "हा उचललास तेव्हा वाजला असेल ना?"

वाळवीचा चेहरा पांढरा पडला. इतके दिवस तिच्या हे ध्यानातच आले नव्हते.

"अर्धा कप इकडचा तिकडे झाला तरी कळायचं तिला," मावशी म्हणाली. "तिला कळलं नसेल होय?"

"मग तर आणखीच वाईट. शेवटचं ऐकलं ते माझं खोटं."

"आणि त्यावर काय म्हणाली? खोटारडे म्हणाली? बस इथे म्हणाली?" मावशीचा आवाज चिडल्यासारखा झाला होता, पण डोळे भरले होते. "आयुष्यभर घाई करणारी बाई, तिला ऐकू आलं की पोरगी दमलीय. म्हणून सावकाश ये म्हणाली. तू पळालीस असं तू धरून बसलीयस. मला विचारशील तर तिनं तुला पाठवलं."

मित्रांनो, पाच महिने ज्याला मी चहाडी समजत होतो, ती बाईंपर्यंत पोचली होती हे खरे. पण बाईंनी तिचे काय केले, हा विचार मी कधी केलाच नव्हता. तरी गोष्टीत होते तसे काही झाले नाही. वाळवी मावशीच्या गळ्यात पडली नाही. तिने फडके घेतले, जमिनीवर सांडलेले व्हिनेगर पुसले आणि म्हणाली, "पहिला कप मी घेणार नाही. आधीच सांगते. त्या दिवशी मी हा काठोकाठ भरून आणला तो कोणासाठी? ज्याच्यासाठी आणला ते माणूसच नव्हतं. मला त्या मानाचं काही सांगू नकोस."

"बरं," मावशी म्हणाली आणि मला पालथा करून ठेवला.

पहाटे मी पुन्हा भरलो गेलो. दफनभूमीत तेच ओले गवत, तीच माणसे, तेच आखडलेले खांदे. बाईंच्या कबरीवरची माती अजून बसली नव्हती. वाळवी तिच्यापासून चार पावले लांब उभी राहिली. पाळकसाहेब आता म्हातारे झाले होते. टॉर्च त्यांनी नेहमीसारखा दोनदा आपटला, पण या वेळी तो काही लागला नाही. मग ते वाचायचे सोडून तोंडीच सांगू लागले.

"त्या बायका पहाटे येशूच्या कबरीकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात एकच होतं," ते म्हणाले. "शुक्रवारी त्याला घाईत पुरताना जे राहून गेलं, ते आज करू. सुगंधी द्रव्यं घेऊन त्या आल्या, आणि कबर रिकामी. राहून गेलेलं ते राहूनच गेलं, कायमचं. ज्याच्यासाठी आणलं त्याला त्याची गरजच उरली नव्हती. तो उठला होता. पण बघा, ही बातमी पहिल्यांदा कोणाला मिळाली? ज्यांचं काम राहून गेलं त्यांनाच." त्यांनी बंद टॉर्च खिशात टाकला. "आणि जे शिष्य पळून गेले होते, दार लावून बसले होते, त्यांच्याकडेही तो त्याच दिवशी आला. कुठे होता तुम्ही, असं विचारलं नाही त्यानं. तुम्हाला शांती असो, म्हणाला."

मी वाळवीच्या हातांत होतो. 'कुठे होता तुम्ही' हे शब्द आले तेव्हा तिची पकड इतकी घट्ट झाली की माझा पत्रा करकरला.

भिंतीवर रेघ उमटली. "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी उत्तर दिले. वाळवीचे ओठ हलले. आवाज मला ऐकू आला नाही.

मग तिने माझे बूच काढले, झाकणाच्या कपात चहा ओतला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला द्यायला हात पुढे केला. तो फोरमन होता. कारखान्यातला तोच फोरमन, आता काठी टेकणारा. त्याने कप घेतला नाही. "मला अर्धाच," तो म्हणाला. "तोही तुझा झाल्यावर. मी नेहमीचा उशिरा येणारा." मागे खळवाली उभी होती. तिनेही हात पदराखाली घेतले. सगळी रांग थांबली. नियम बाईंचा होता आणि तो मोडायला कोणीच तयार नव्हते.

वाळवी कप धरून उभी राहिली. वाफ तिच्या चष्म्यावर धरली. तिने मावशीकडे पाहिले, तर मावशी मुद्दाम दुसरीकडे बघत गुडघा चोळत होती. शेवटी वाळवी ती चार पावले चालली, आईच्या कबरीपाशी गवतात बसली आणि दोन्ही हातांत कप धरून तिने चहाचा पहिला घोट घेतला. रडत रडतच तिने तो संपवला. सावकाश. तोवर कोणीही दुसरा कप मागितला नाही.

मी वस्तू आहे, मित्रांनो. माझ्यासाठी पुनरुत्थानाचे वचन कोणी दिलेले नाही आणि मी ते मागतही नाही. पण रिकामेपणाबद्दल मला थोडे कळते. ओतून दिल्याने येते ती पोकळी मी पाहिली आहे. त्या दुपारची खाट तशी होती. आणि माझ्या दोन काचांमध्ये आणखी एक पोकळी आहे, तिच्यात काही नाही म्हणूनच उशिरा येणाऱ्यालाही ऊब मिळते. त्या पहिल्या पहाटेची कबर यांतल्या कोणत्या जातीची, हे बाईंना पक्के ठाऊक होते. म्हणून तर त्या दर वर्षी इतक्या थंडीत मला तिथे नेत. त्या पुन्हा भेटतील, हे त्यांच्या मुलीने त्या दिवशी पूर्ण मानले की नाही, मी सांगू शकत नाही. तिने कप घेतला, एवढेच मी पाहिले.

तुमच्या घरीही कपाटाच्या तळाशी एखादी पिशवी असेल. ती फार दिवस मिटून ठेवू नका. आत जे असेल ते नासते. आणि उघडायला माणूस सोबत असले, तर बरे असते.

वाळवीने उरलेले कप वाटले. मधेच तिने मला कानाशी धरून हलवले आणि म्हणाली, "चार." साडेतीन होते. फोरमनच्या वाट्याला अर्धाच आला, आणि खळवाली पूर्वीसारखी हसली. सवयीने जमेल वाळवीलाही.

परतताना फाटकापाशी मावशीने विचारले, "संपला का गं? रिकामा झाला?"

वाळवीने मला उलटा करून शेवटचा थेंब गवतात पडू दिला.

"हो मावशी," ती म्हणाली. "रिकामा आहे."

आणि या वेळी ते खरे होते.